आमची फाइल आम्हाला दाखवा

जयंतीची मिरवणूक असो, मोर्चा असो नायतर वस्तीतली साधी बैठक असो, कडेला एक माणूस उभा असतोच. साध्या कपड्यातला. चहा घेतो, पेपर वाचल्यासारखं करतो आणि कोण काय बोललं ते टिपून घेतो. आपण त्याला ओळखतो, तोबी आपल्याला ओळखतो. आपली पोरं त्याची थट्टा करतात, 'साहेब, नाव नीट लिहा' म्हणतात. हसण्यावारी नेतो आपण. पण तो जे लिहितो ते जातं कुठं? वाचतं कोण? त्यात खोटं लिहिलं तर खोडायचं कुणी?

त्या कागदावर आपण कोण आहोत ते ठरतं. तिथं 'समाजकंटक' पडलं की सणासुदीला पोलिसांची नोटीस दारात. तिथं 'नक्षल समर्थक' पडलं की पोरगं आत. आणि तो कागद आपल्याला कधी दिसत नाय. कोर्टात दाखवत नायत, विधानसभेत ठेवत नायत. 'गोपनीय' एवढा एक शब्द म्हटला की सगळे गप. आपलेबी गप. हे गप्प बसणं आता पुरे झालं, एवढं सांगायला हा लेख.

हा खेळ नवा नाय. गावगाड्यात महार वेसकर होता. रात्रीची गस्त त्याची, चोराचा माग काढायचा त्यानं, सरकारी टपाल पोचवायचं त्यानं, मयताचा सांगावा घेऊन दहा कोस पळायचं त्यानं. गावातली प्रत्येक बातमी त्याच्या पायानं चालायची. पण दप्तर? दप्तर कुलकर्ण्याच्या घरात, रुमालात बांधलेलं. आपल्या बापजाद्यांच्या नावापुढं त्यात काय खरडलंय, ते वाचायचा अधिकार आपल्याला नव्हता. वाचायला येऊच दिलं नव्हतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ सालच्या कायद्यानं, म्हणजे बाबासाहेब गेल्यावर. शिक्षण घेतलं, आपण वाचायला शिकलो. तर आता दप्तरालाच कुलूप. या कुलपाचं नाव आहे माहिती अधिकार कायद्याचं कलम २४.

हे कलम नीट समजून घ्या. समजून घेतल्याशिवाय शिव्या देण्यात अर्थ नाय.

माहितीचा अधिकार हा कुणा मंत्र्यानं दिलेला प्रसाद नव्हे. १९७५ साली सुप्रीम कोर्टात राजनारायण खटला चालला. त्यात मागितलेला कागद कोणता होता? 'ब्ल्यू बुक'. पंतप्रधानांच्या दौऱ्यातल्या सुरक्षेच्या सूचनांचं पुस्तक! त्याच खटल्यात कोर्टानं सांगितलं, की सरकारी माणसं सरकारी जागेवर बसून जे जे करतात ते जाणून घ्यायचा जनतेला अधिकार आहे. म्हणजे या देशात जाणण्याचा हक्क जन्मला तोच सुरक्षेच्या कागदावरून. पुढं १९९६ साली राजस्थानात ब्यावरला गोरगरिबांनी धरणं धरलं. आमच्या मजुरीचे हजेरीपट दाखवा, एवढीच मागणी. त्यातून वाढत वाढत २००५ चा केंद्राचा कायदा आला.

कायद्यात कलम ८ आहे. देशाची एकता, सुरक्षा, परराष्ट्र संबंध यांना धोका होईल अशी माहिती देऊ नका, असं ते सांगतं. कुणाच्या जिवाला धोका होईल, सरकारला गुपचूप मदत करणारा उघडा पडेल, अशी माहितीबी देऊ नका म्हणतं. ठीक आहे. सैन्य कुठं हललं, सीमेवर कोण खबर देतं, हे आपल्याला नकोच आहे. म्हणजे जी खरी गुपितं आहेत त्यांना कलम ८ चं कुलूप आधीच लागलेलं आहे. मग कलम २४ कशाला?

कलम २४ कागद बघतच नाय. ते पाटी बघतं. दुसऱ्या अनुसूचीत ज्या ऑफिसांची नावं घातली, त्यांना कायदाच लागू नाय. आय.बी., रॉ, ईडी, सी.आर.पी.एफ. अशी नावं सुरुवातीपासून. जून २०११ मध्ये त्यात सी.बी.आय., एन.आय.ए. आणि नॅटग्रिड घातले. सी.बी.आय.चं मुख्य काम लाचलुचपत पकडायचं. टूजीचा घोटाळा गाजत होता त्याच वर्षी तिला अंधारात नेऊन बसवली. आणि कलम २४ च्या चौथ्या पोटकलमानं राज्य सरकारांनाबी मोकळीक, तुम्हीबी अधिसूचना काढा आणि आपापल्या गुप्तवार्ता खात्यांवर पडदा टाका.

आता बघा, आय.बी. १८८७ साली इंग्रजांनी काढलेली. आजवर तिच्यासाठी संसदेनं कायदा केलेला नाय. गल्लीतल्या चहाच्या टपरीला परवाना लागतो. माणसामागं माणूस लावणाऱ्या खात्याला कायद्याचा आधार लागत नाय. २०११ साली एका खासदारानं लोकसभेत खाजगी विधेयक आणलं, ते तिथंच विरलं. गुप्तवार्ता संस्थांना संसदेपुढं आणि हिशेब तपासणीपुढं उभं करा अशी जनहित याचिका सुप्रीम कोर्टात गेली, ती फेब्रुवारी २०१६ मध्ये फेटाळली. पैसा जनतेच्या खिशातला, पाळत जनतेवर, आणि हिशेब विचारला की राष्ट्रद्रोह.

'पण साहेब, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे' असं म्हणणारे शहाणे लगेच उभे राहतील. त्यांना सांगा, अमेरिकेकडे बघा. तिथं काय स्वर्ग नाय. उलट तिथं गुप्त पोलिसांनी काळ्या माणसांचा जो छळ केला त्याला तोड नाय. पण तो छळ आज आपल्याला तारीखवार सांगता येतो. का, तेच बघायचं आहे. आणि आपल्याला ते बघणं भाग आहे, कारण १९७२ साली मुंबईत पोरांनी 'दलित पँथर' उभी केली ती तिथल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन.

एफ.बी.आय.नं १९५६ पासून 'कॉइंटेलप्रो' नावाचा छुपा कार्यक्रम चालवला. आधी कम्युनिस्टांवर, मग काळ्यांच्या चळवळीवर. १९६८ च्या मार्चमध्ये हूवरच्या कचेरीतून हुकूम गेला, की काळ्या जनतेला जोडणारा कुणी 'मसीहा' उभा राहू देऊ नका. संघटनांमध्ये फूट पाडा, खोटी पत्रं पाठवा, नेत्यांची बदनामी करा. मार्टिन ल्यूथर किंगला १९६४ साली एक निनावी पत्र गेलं. त्यात, तुझी लफडी बाहेर येतील, त्याआधी काय करायचं ते तूच समज, अशी धमकी होती. म्हणजे जीव दे! ते पत्र एफ.बी.आय.नं लिहिलेलं.

शिकागोला फ्रेड हॅम्प्टन नावाचा पँथर होता. वय २१. काळे, पोर्टोरिकन आणि गरीब गोरे यांची एकी करत होता. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलीस घुसले आणि त्याला बिछान्यात गोळ्या घातल्या. सोबत मार्क क्लार्क मारला गेला. हॅम्प्टनचा बिछाना घरात कुठं आहे, त्याचा नकाशा आधीच एफ.बी.आय.कडे होता. तो देणारा विल्यम ओनील हा पँथरांमध्ये घुसवलेला खबऱ्या, हॅम्प्टनच्या संरक्षणाची जबाबदारी असलेला! नंतर त्याला ३०० डॉलर बक्षीस मिळालं. घरच्यांनी वर्षानुवर्षं कोर्टात झुंज दिली. त्या खटल्यात हे कागद बाहेर आले. १९८२ साली शहर, काउंटी आणि केंद्र सरकारनं मिळून साडेअठरा लाख डॉलर दिले तेव्हा तो मिटला.

हे सगळं उघडं कसं पडलं? ८ मार्च १९७१ ला काही साध्या नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावचं एफ.बी.आय.चं ऑफिस फोडलं आणि फायली वर्तमानपत्रांना पाठवल्या. त्यातल्या एका कागदावर 'कॉइंटेलप्रो' हा शब्द होता. नुसता शब्द. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. कार्ल स्टर्न नावाच्या बातमीदारानं माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज केला. नाकारला. तो कोर्टात गेला आणि डिसेंबर १९७३ मध्ये सरकारला कागद द्यावे लागले. १९७४ साली तिथल्या संसदेनं तो कायदा आणखी कडक केला. अध्यक्ष फोर्डनं नकाराधिकार वापरला, संसदेनं तो मोडून काढला. पुढच्याच वर्षी सिनेटची चर्च समिती बसली आणि गुप्त खात्यांची लक्तरं वेशीवर टांगली गेली.

मित्रांनो, यातला मुद्दा पक्का पकडा. तिथल्या कायद्यातबी सुरक्षेची सूट आहे. पळवाटा भरपूर. कागद आहे असंही म्हणणार नाही, नाही असंही म्हणणार नाही, असलं उत्तर देण्याची पद्धत तिथलीच. १९८४ साली सी.आय.ए.नं आपल्या कामगिरीच्या फायलींना वेगळी सूट करून घेतली. पण एफ.बी.आय. असो नायतर सी.आय.ए., अर्ज घ्यावा लागतो. दरवाजा ठोठावता येतो. नाकारलं तर कोर्टात जाता येतं आणि न्यायाधीश बंद खोलीत कागद बघू शकतो. आपल्याकडे ऑफिसच अदृश्य केलंय. दरवाजा असेल तर ठोठावणार ना!

आता आपल्याकडे या.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. लोक रस्त्यावर उतरले तर तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले, यामागं नक्षलवादी आहेत. कुठल्या कागदावरून म्हणाले? तो कागद आजवर कुणी पाहिला? सुधीर ढवळे, 'विद्रोही'चा संपादक. जानेवारी २०११ मध्ये नक्षल म्हणून धरला. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या कोर्टानं निर्दोष सोडला. चाळीस महिने गेले. कुणाच्या टिपणावरून गेले? त्या टिपणवाल्याची बढती थांबली का? जून २०१८ मध्ये त्याला पुन्हा धरला, एल्गार परिषदेच्या प्रकरणात. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं जामीन दिला, तोवर साडेसहा वर्षं झाली होती आणि आरोपनिश्चितीसुद्धा झाली नव्हती. तपास जानेवारी २०२० मध्ये एन.आय.ए.कडे गेला होता. ती कुठं आहे? दुसऱ्या अनुसूचीत. दार बंद.

२०१९ साली व्हॉट्सॲपनं काही लोकांना कळवलं, की तुमच्या फोनवर पेगाससचा हल्ला झालाय. त्यात आनंद तेलतुंबडे होते. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२१ मध्ये समिती नेमली. समितीनं २९ फोन तपासले, पाचात काहीतरी घुसखोर सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच असं ठरवता आलं नाही. सरकारनं सहकार्य केलं नाही, असं समितीनं कळवल्याचं ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनीच कोर्टात सांगितलं. अहवाल बंद लिफाफ्यात गेला. पाळत आपल्यावर आणि लिफाफा त्यांच्याकडे!

कागद उजेडात आला की काय होतं तेबी आपण बघितलंय. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता अशी पोलिसांची कहाणी. गुंडेवार आयोगापुढं उघड साक्षी झाल्या, गोळीबाराचं समर्थन टिकलं नाही. हुकूम देणाऱ्या फौजदाराला २००९ साली कोर्टानं जन्मठेप सुनावली. बारा वर्षं लागली, पण कहाणी फुटली. उघड्यावर तपासली म्हणून फुटली. गुप्त राहिली असती तर आज तीच इतिहास म्हणून शिकवली असती.

आणि आपला इतिहास तरी कुठं आहे? अर्धा त्यांच्याच कपाटात. महाराष्ट्र सरकारनं १९८२ साली बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीच्या साधनांचा खंड छापला. त्यात मुंबई पोलिसांच्या गुप्त सारांशातले उतारे आहेत. सभा कुठं झाली, कोण काय बोललं, इंग्रजाच्या सी.आय.डी.नं टिपलेलं. पाळत ठेवणाऱ्यानं नकळत आपल्या चळवळीची वही लिहून ठेवली. आपल्याकडे तेव्हा टाइपरायटर नव्हता, कपाट नव्हतं, वर्तमानपत्रं आपल्याला छापत नव्हती. तेव्हा कुठल्या गावी कोण बाई उभी राहून बोलली, हे कधीकधी फक्त सी.आय.डी.च्या कागदातच उरतं.

मग १९७२ नंतरचे कागद कुठं आहेत? ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरची सभा उधळली, दंगल पेटली. १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव मारला गेला. भस्मे आयोग बसला. त्या दिवसांत स्पेशल ब्रँचनं काय लिहिलं? सभेच्या आधी काय कळवलं होतं? पँथर फुटली तेव्हा आत कुणाचे खबरे होते? १९७८ साली मराठवाड्यात नामांतरावरून घरं जळाली, त्याआधी कुठल्या गावाबद्दल कुणी काय इशारा दिला होता आणि तो कुणी दाबला? अर्धं शतक होत आलं. यातनं आता कुठल्या देशाची सुरक्षा धोक्यात येते? कलम ८ चं तिसरं पोटकलम सांगतं, वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, थोडे अपवाद सोडले तर, द्यावीच लागते. नेताजींच्या फायलींसाठी ओरड झाली. पश्चिम बंगालनं सप्टेंबर २०१५ मध्ये ६४ फायली खुल्या केल्या, केंद्रानं जानेवारी २०१६ मध्ये शंभर. चांगलं झालं. मग भागवत जाधवची फाइल कुणी मागायची? ती मागायला कुठला पक्ष येणार नाय. आपल्यालाच मागावी लागेल.

आपल्यातले काही गडी म्हणतील, 'अर्ज-बिर्ज पांढरपेशांची कामं, आपण रस्त्यावरची माणसं.' भावांनो, रस्ता सोडा असं कोण म्हणतंय? पण बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर सत्याग्रहबी केला आणि त्याच तळ्याचा दावा १९३७ पर्यंत कोर्टात लढून जिंकलाबी. पाण्याला हात घातला आणि कागदालाबी. आपण नुसती घोषणा घेतली आणि कागद साहेबांवर सोडून दिला.

तेव्हा कामाला लागा. कलम २४ च्या भिंतीत दोन भोकं आहेत. भ्रष्टाचाराच्या आरोपाची आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपाची माहिती या खात्यांनाबी रोखता येत नाय. हक्कभंगाच्या माहितीला माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि ती ४५ दिवसांत द्यायची असते. कोठडीत माणूस मेला, खोट्या केसमध्ये पोरगं सडलं, मोर्चावर गोळी चालली, हे हक्कभंग नायत तर काय? अर्जात तो शब्द स्पष्ट घाला.

राज्याच्या खात्याकडे अर्ज करताना दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाय. कारण सांगायची गरज नाय, विचारलं तरी सांगू नका. 'लागू नाही' असं उत्तर आलं तर ज्या अधिसूचनेनं लागू नाही तिची नक्कल मागा. सगळा कागद देता येत नसेल तर कलम १० खाली झाकायचं तेवढं झाकून उरलेला मागा. तीस दिवसांत उत्तर नाय आलं तर पहिलं अपील, मग आयोगाकडे दुसरं. नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे, आपली नाय. आणि एकट्यानं करू नका. एकटा अर्जदार गाठता येतो. एकच अर्ज पन्नास वस्त्यांतून पन्नास नावांनी गेला तर कुणाकुणाला गाठतील?

भोकं बुजवायचं कामही जोरात चालू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं माहिती आयुक्तांचा पगार आणि मुदत केंद्र सरकारच्या हाती गेली. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं 'खाजगी माहिती' या नावाखाली नकार देणं आणखी सोपं करून ठेवलं. त्याच कायद्यानं सरकारला हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट द्यायची मुभा ठेवली. म्हणजे आपण त्यांची माहिती मागितली तर खाजगी, आणि त्यांनी आपली गोळा केली तर राष्ट्रहित.

म्हणून आपल्या मागण्या अशा :

१) कलम २४ आणि दुसरी अनुसूची रद्द करा. कुलूप लावायचं तर त्या त्या माहितीला, कलम ८ खाली, कारण देऊन लावा. अख्ख्या ऑफिसाला नको.

२) आय.बी., रॉ आणि राज्यांची गुप्तवार्ता खाती यांच्यासाठी कायदा करा. संसदेच्या आणि विधिमंडळाच्या समितीपुढं त्यांना हिशेब द्यायला लावा.

३) कलम २४ जाईपर्यंत हक्कभंगाच्या माहितीला आयोगाच्या आगाऊ मंजुरीची अट काढा. मेलेल्याच्या आईनं आधी परवानगी कशासाठी मागायची?

४) वीस वर्षांवरच्या सामाजिक चळवळींच्या सगळ्या फायली अभिलेखागारात खुल्या करा. सुरुवात पँथरपासून आणि नामांतरापासून करा.

५) नागरिकाला स्वतःची फाइल बघायचा हक्क द्या. पूर्व जर्मनीच्या लोकांनी जानेवारी १९९० मध्ये स्टासीचं मुख्यालय ताब्यात घेतलं, पुढच्या वर्षी कायदा झाला, आणि १९९२ पासून माणसं आपापली फाइल वाचायला लागली. कुणी आपल्यावर पाळत ठेवली तेबी कळलं. त्यानं जर्मनी बुडाली नाय.

६) या खात्यांत वर्गवार अनुसूचित जाती, जमातीचे अधिकारी किती, ते आकडे जाहीर करा. कुणाला 'संशयित' म्हणायचं हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती कोण बसलंय, हे कळायला नको?

मोर्च्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या माणसाशी आपलं भांडण नाय. तोबी बहुतेक कुणा गरिबाचंच पोर, पगारासाठी उन्हात उभं. भांडण त्याच्या वहीवर बसलेल्यांशी आहे. गावगाड्याचं दप्तर आपल्या बापाला वाचता येत नव्हतं. आपल्याला येतं. तरीबी आपण ते मागितलं नाय, तर पुढच्या पिढीला काय तोंड दाखवायचं?

रुमाल सोडा. दप्तर उघडा.

जय भीम!